लांबच्या प्रवासाहून सगळे परत आलोय, घर तेच आहे पण आपण पाहुणे वाटतोय. पुन्हा रुळायचं कसं?

पायाला_भिंगरी

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं. मी, नवरा, मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा. दोन-अडीच वर्षं फिरतीवर होतो. म्हणजे सुट्टी नव्हे हो, दोघांचीही कामं लॅपटॉपवर चालणारी, मुलांचा अभ्यास आम्हीच घ्यायचो, एका ठिकाणी दोन-तीन महिने राहायचं, जरा ओळखी झाल्या की पुढे निघायचं, असं. आता परत आलोय, त्याच घरात, त्याच शेजारात.

सुरुवातीचे दिवस मस्त गेले, सगळे भेटायला आले. आणि मग एकदम सामसूम. जो भेटतो तो विचारतो "मग, कसं झालं फिरणं?" आणि मी दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचते न पोचते तोवर समोरच्याचं लक्ष उडालेलं असतं, पार्किंगचा विषय निघतो नाहीतर बिल्डिंगच्या मीटिंगचा, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही कारण आधीचं सगळं रामायण माझ्या माघारी घडलंय.

दुसरं दुखणं जास्त खोल आहे. मी चित्रं काढते. पोटापाण्यासाठी नाही, पण नुसती हौस म्हटलं की मला राग येतो. आमचा एक गट होता, दर आठवड्याला कुणाकडे तरी जमून काढत बसायचो. नवरा इथल्या एका ग्रूपमध्ये गिटार वाजवायचा. प्रवासात माझी स्केचबुकं एकामागून एक भरली, वाटायचं घरी गेलो की यातून केवढं काय काय निघेल. आता टेबलाशी बसलं की काही म्हणजे काही सुचत नाही. नवऱ्याच्या जागी दुसरा गिटारवाला आलाय आणि तो खरंच चांगला वाजवतो, त्यामुळे रागही धरता येत नाही. मुलगी दार लावून बसते, तिच्या मैत्रिणींचं आता वेगळंच त्रिकूट झालंय. मुलगा तेवढा मजेत, तो दगडाशीपण ओळख काढेल.

तुमच्यापैकी कुणी असं सहकुटुंब लांब राहून परत आलंय का? माणसांत परत कसे मिसळलात? आणि हात परत कसा चालू झाला? की आम्ही उगाच रडतोय?

परतीचा_पाऊस

उगाच नाही रडत आहात, एवढं आधी सांगतो. आम्ही तिघं असेच परत आलो होतो, त्यामुळे हे वाचताना प्रत्येक वाक्याला मान हलत होती.

यावर अभ्यास झालाय बरं का. स्वेरे लिसगार्ड नावाच्या संशोधकाने १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांशी बोलून मांडलं होतं की नव्या देशात आधी सगळं छान वाटतं, मग माणूस खाली जातो, मग सावरतो, म्हणजे आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा. १९६३ मध्ये गुलाहॉर्न नवरा-बायकोने त्याला आणखी एक यू जोडला, परत आल्यावरचा. घरी आलं की पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा हळूहळू वर, असा डब्ल्यू. नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांचाच आलेख असा सुबक निघाला नाही, तेव्हा कॅलेंडर घेऊन "आता आपण कुठल्या खड्ड्यात" असं बघत बसू नका. पण परतल्यावरचा तो दुसरा खड्डा खरा असतो एवढं नक्की.

आणि तो जास्त टोचतो, कारण परक्या ठिकाणी परकं वाटणार हे आपण धरूनच चाललेलो असतो. घरी परकं वाटेल याची तयारी कोण करतं? आल्फ्रेड शुट्झ या समाजशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या संदर्भात, हेच लिहिलं होतं. जाणाऱ्याच्या मनात घर तो निघाला त्या दिवशीचंच राहतं, घरच्यांच्या मनात जाणाराही तसाच राहतो, आणि मधल्या काळात दोघंही बदललेले असतात. सैनिकांएवढं आपलं काही नसतं, पण गंमत तीच.

प्रॅक्टिकल सांगायचं तर पहिल्यांदा झोपा नीट करा. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक टाइम झोन या चालीनेच सरकतं, आणि पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर आणखी सावकाश, कारण ते घड्याळ मुळात चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्याला दिवस लांबवायला सोपं जातं, आखडायला नाही. सकाळी उन्हात फिरा. आणि पहिले काही महिने मोठा निर्णय नको, म्हणजे घर विकू, नोकरी सोडू, परत निघू, यातलं काहीही. आमच्याकडे रोज रात्री "परत निघू" व्हायचं आणि सकाळी विसरलेलो असायचो.

उंबरठा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी कुठेच गेलो नाही. माझा जवळचा मित्र बायकापोरांसकट चार वर्षं बाहेर राहून आला, तेव्हा मी इकडचा होतो. थोडं तिखट लागलं तर आधीच माफी.

लोकांचं लक्ष दुसऱ्या वाक्याला उडतं म्हणता, त्यात कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही वाईट नसतं हो. प्रवासाच्या गोष्टीत ऐकणाऱ्याला शिरायला जागाच नसते. ते गाव त्याने पाहिलेलं नाही, ती माणसं त्याला माहीत नाहीत, तो "अरे वा" यापलीकडे काय बोलणार? पार्किंगवर तो अर्धा तास बोलू शकतो. आणि दुसरं म्हणजे तुमची दोन वर्षं झाली तशी आमचीही झाली. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाचे वडील गेले, कुणाचं लग्न मोडलं. तुम्हाला ते मोबाइलवर कळलं आणि तुम्ही हात जोडल्याची इमोजी टाकलीत (टाकणारच, दुसरं काय करणार तिथून). पण इथल्यांनी हॉस्पिटलात आळीपाळीने रात्री काढल्या. त्यातून जे घट्ट झालंय त्यात तुम्ही नाही आहात. हा दोष नाही, नुसतं आहे असं.

माझा मित्र आल्यावर सगळ्यांना घरी बोलवायचा, फोटो दाखवायचा, आम्ही जायचो, छान छान म्हणायचो, घरी यायचो. काही होत नव्हतं. मग आमच्या वाचनालयाची जागा बदलायची ठरली, पुस्तकांचे खोके हलवायचे होते. तो आला, खोके उचलले, कुठलं कपाट कुठे यावरून दोघातिघांशी कचाकचा भांडला, आणि दिवस संपेस्तोवर आमच्यातला झाला. प्रवासाचा विषयही निघाला नाही. महिन्याभराने त्याचं त्यालाच कुणीतरी विचारलं, "अरे तू तिकडे होतास तेव्हा वाचनालयं कशी असायची?" आणि तेव्हा सगळ्यांनी कान देऊन ऐकलं.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे. त्यांच्या हिशोबाने नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला ५० च्या आसपास तास एकत्र घालवावे लागतात, ९० च्या आसपास खरी मैत्री, आणि जिवलग व्हायला २०० च्या पुढे. हे नव्या मैत्रीचं गणित आहे, तुमचं शून्यापासून नाहीये. पण तास लागतात, हा मुद्दा लागू आहे. आणि तुम्ही एका संध्याकाळच्या गप्पांत दोन वर्षांचं काम उरकायला बघताय.

माझं मत एकच, जुनी जागा मागायला जाऊ नका. ती आता नाहीये. खुर्च्या लावायचं काम मागा.

घरकोंबडी

उंबरठा यांना +१. खुर्च्या लावणाऱ्याला सगळ्या बातम्या कळतात हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे 😄

पायाला_भिंगरी

सगळ्यांचे आभार, एवढं मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं. उंबरठा, तिखट लागलं, पण चालतंय. मात्र एक सांगते, मी विचारते हो लोकांना त्यांचं. तर "आमचं काय, नेहमीचंच" म्हणतात आणि विषय संपतो. तिथे पुढे काय बोलायचं?

आणि मुलीबद्दल कुणी सांगा ना. मला माझ्यापेक्षा तिचं जास्त वाटतंय.

उंबरठा

"नेहमीचंच" म्हणणारा माणूस भिडस्त असतो, किंवा त्याला वाटतं की तुम्ही जग बघून आलात, तुम्हाला आमच्या नळगळतीत काय इंटरेस्ट. त्याला "काय चाललंय" असं मोघम विचारू नका, बारीक विचारा. "तुमच्या आईंच्या गुडघ्याचं पुढे काय झालं?" "ती वरच्या मजल्याची कटकट मिटली का?" बारीक विचारलं की माणूस बोलतो.

आणि हो, फक्त जिवलगांच्या मागे लागू नका. वाचनालयातल्या काउंटरवरच्या बाई, सकाळी फिरायला येणारे, शाळेच्या गेटपाशी उभे असणारे पालक, यांच्याशी रोज दोन वाक्यं. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की नवी माहिती आपल्यापर्यंत जवळच्यांपेक्षा अशा पातळ ओळखींतूनच जास्त येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. कुठे काय चाललंय, कुणाला कशासाठी माणूस हवाय, हे तुम्हाला याच लोकांकडून कळणार.

बाराखडी

मुलीबद्दल मी लिहिते, शाळेत शिकवते, अशी परत आलेली मुलं वर्गात दरवर्षी नाही पण अधूनमधून असतात.

भिंगरीताई, एक गोष्ट बघा. "परत आलो" हे तुमच्या दोघांच्या बाजूने खरं आहे. तिने शेवटी हे घर पाहिलं तेव्हा ती साधारण दहा वर्षांची होती. दहा ते तेरा हा काळ मुलींच्या आयुष्यात केवढा उलथापालथीचा असतो ते आपल्याला माहीत आहे, आणि तो सगळा तिचा तिकडे गेलाय. त्यामुळे तुम्ही घरी आलात आणि तिने घर सोडलं, असंही असू शकतं. रूथ हिल यूसिम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात अशा मुलांना थर्ड कल्चर किड्स हे नाव दिलं. त्या स्वतः नवरा आणि मुलांसह भारतात राहिल्या होत्या, तिथे कामानिमित्त आलेल्या परदेशी कुटुंबांकडे बघता बघता हे त्यांच्या लक्षात आलं. या मुलांना आई-बापाचं घर पूर्ण आपलं वाटत नाही, परकं ठिकाणही पूर्ण आपलं नसतं, पण तशाच दुसऱ्या मुलांशी त्यांचं पटकन जमतं. अडीच वर्षांत ती पूर्ण तशी झाली असं मी म्हणत नाहीये, पण छटा तीच.

तर त्या जुन्या त्रिकुटात तिला घुसवायचा प्रयत्न करू नका, त्या आयांना फोन करून तर अजिबातच नको. तेराव्या वर्षी याहून मोठी शरम नसते. त्याऐवजी असं काही शोधा जिथे सगळेच नवे आहेत, नाटकाची नवी बॅच, पोहण्याचा ग्रूप, काहीही, पण नुकतं सुरू होणारं. प्रवासात जी मैत्रीण झाली असेल तिच्याशी व्हिडिओ कॉल चालू ठेवू द्या, वेळ अडचणीची असली तरी. "इथे लक्ष लागणार नाही" म्हणून ते तोडू नका, उलट तिकडचा एक धागा शाबूत असला की मुलं इकडे जरा धीराने बघतात असा माझा अनुभव आहे.

शाळेत शिक्षक हौसेने म्हणतील, वर्गासमोर प्रवासाबद्दल सांग. तिची इच्छा असेल तरच. नाहीतर ती त्या वर्गात कायमची "ती फिरून आलेली" होऊन बसते.

मुलाचं ठीक आहे म्हणता, पण आठ वर्षांची मुलं खेळता खेळता मिसळतात आणि रात्री झोपताना एकदम काहीतरी विचारतात. तेवढं लक्ष असू द्या.

कोरा_कागद

मला चित्रांबद्दल बोलायचंय, कारण त्याला अजून कुणी हातच घातला नाही.

ताई, प्रवासात तुमचा हात का चालत होता? समोर नवं होतं हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे वेळ कमी होता. गाडी सुटणार, मुलं कंटाळणार, ऊन सरकणार, जवळ एक पेन आणि एक वही. आता टेबल आहे, सगळे रंग आहेत, अख्खी दुपार आहे, आणि "त्या ढिगातून काहीतरी मोठं निघालं पाहिजे" हे डोक्यावर बसलंय. असल्या अवस्थेत मी मी म्हणणाऱ्यांचे हात आखडतात. म्हणून टेबल सोडा. एक पेन, छोटी वही, वीस मिनिटं, उभं राहून, घराबाहेर. पालक शाळेच्या गेटपाशी उभे असतात ना, त्यांचे हात काढा. कोण फोन कसा धरतो, कोण पिशवी कशी.

मॅडक्स आणि गॅलिन्स्की या दोघांचं २००९ मधलं संशोधन आहे, परदेशात राहणं आणि सर्जनशीलता यांच्या नात्यावर. एक जुनं कोडं असतं, मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांची खोकी देतात, मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की मेण खाली सांडू नये. (उत्तर: खोकी रिकामी करून तिचाच स्टँड करायचा.) परदेशात जास्त काळ राहिलेल्यांना ते कोडं जास्त सुटलं. नुसतं फिरून आलेल्यांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. अर्थात नातं दिसलं म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, पण मला त्यातलं पटतं ते हे, की उपयोगी पडतं ते तिथल्या जगण्याशी जुळवून घेणं, पाहिलेल्या जागांची यादी नाही.

म्हणून त्या स्केचबुकांतून विषय शोधू नका. सगळ्या वह्या क्रमाने जमिनीवर उघड्या मांडा आणि हात कसा बदलत गेला ते बघा. रेघ मोकळी झाली का, माणसं लहान होत गेली का, सावल्या आल्या का, कुठलं तरी एकच काहीतरी तुम्ही परत परत काढलंय का. प्रत्येकाच्या वह्यांत असं एखादं वेड सापडतं, दारं, दोरीवरचे कपडे, झोपलेली माणसं. ते सापडलं की तेच इथे काढा. तुमच्या गल्लीतही लोक झोपतात.

आणि त्या जुन्या गटात जा, पण वह्या घरी ठेवून. निदान पहिले काही वेळा. ते आता काय काढतायत ते बघा, त्यांचे कागद वापरा. प्रदर्शनबिदर्शन इतक्यात नको, आधी हात चालू दे.

फुलस्टॉप

कोरा_कागद यांचं बाकी सगळं मान्य, पण शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. वह्या लपवून ठेवायच्या हे काय? अडीच वर्षं माणूस काय चोरी करत होता का? न सांगितलेलं आत साचतं आणि मग ते भलत्या ठिकाणी, पार्किंगच्या मीटिंगमध्ये, बाहेर पडतं.

एक संध्याकाळ कराच, पण पद्धत बदला. पेचाकुचा नावाचा प्रकार माहीत असेल, टोकियोत दोन आर्किटेक्टनी २००३ मध्ये सुरू केला. २० चित्रं, प्रत्येकावर २० सेकंद, चित्र आपोआप पुढे सरकतं. म्हणजे सगळं मिळून ६ मिनिटं ४० सेकंद. संपलं. कितीही बडबड्या माणसाला यापेक्षा जास्त पिडता येत नाही, आर्किटेक्ट लोकांना आवर घालायलाच तो काढला होता म्हणे.

आता खरी युक्ती अशी की तुम्ही एकट्यांनी करायचं नाही. चार-पाच घरांना सांगा, प्रत्येकाने याच दोन वर्षांतली आपली २० चित्रं आणायची. तुम्ही बाहेरची, ते इथली. उंबरठा म्हणतात ते ऑपरेशन, ते मोडलेलं, ते वाचनालय, जे ज्याला दाखवावंसं वाटेल ते. मुलांनाही करू द्या, तुमची मुलगी नाही म्हणाली तर तिला प्रोजेक्टर सांभाळू द्या. म्हणजे "आम्ही सांगतो तुम्ही ऐका" ही भानगडच राहत नाही.

उंबरठा

हे आवडलं. माझ्या मित्राच्या वेळी सुचायला हवं होतं कुणालातरी. खुर्च्या मी लावतो 😄

तुटकी_तार

सगळे बोलले, बिचाऱ्या गिटारवाल्याला कुणी विचारलंच नाही. मी विचारतो. गिटार बरोबर नेली होती की घरी बंद होती?

घरी होती असं धरून सांगतो. एकदम पूर्ण सुरात ताणू नका. आधी गळा वाकलाय का ते तारेच्या रेषेत नजर लावून बघा, लाकडाला भेग आहे का बघा, मग नव्या तारा, आणि दोन-तीन दिवसांत हळूहळू सुरात आणा. लाकडी वाद्याला हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के मानवते, बंद घरात काय झालं असेल देव जाणे. बोटांच्या टोकांची कातडी मऊ पडलेली असणार, तेव्हा सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं बास, नाहीतर फोड येतील आणि आठवडा वाया.

विसरलोय असं वाटेल, तर त्याने घाबरू नये. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की जे पूर्ण विसरल्यासारखं वाटतं तेही दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. त्याचे प्रयोग निरर्थक अक्षरं पाठ करण्याचे होते, पण हातांच्या बाबतीतही आम्ही वाजवणारे हे रोज बघतो.

ग्रूपचं म्हणाल तर त्या नव्या मुलाला बाजूला करा असं गमतीतसुद्धा सुचवू नये. सरळ त्याच्याकडेच जाऊन म्हणायचं, "तुम्ही आता जे वाजवता ते मला शिकव." रिदम धरावी, कुणी गैरहजर असेल तेव्हा बदली म्हणून जावं. दोन गिटारी असलेला ग्रूप ऐकायला काही वाईट लागत नाही.

पायाला_भिंगरी

एवढं सगळं वाचून नवऱ्याला पण दाखवलं. गिटार घरीच होती, गळा बघून आला, सरळ आहे म्हणतोय, तारांना गंज चढलाय. नव्या मुलाकडे जायला जरा लाजतोय पण जाईल, मी ढकलीन.

पेचाकुचाचं मुलाने ऐकलं आणि तो आत्ताच वीस चित्रं निवडायला बसलाय, त्यातली पंधरा तरी मांजरांची आहेत. मुलीला मी काहीच बोलले नाही, फक्त रात्रीच्या कॉलसाठी राउटर तिच्या खोलीजवळ हलवला. बाराखडी, तुमचं "तिने घर सोडलं" हे वाक्य मला दोन दिवस सोडत नाहीये.

कोरा_कागद आणि फुलस्टॉप, तुमच्यातलं मी असं मिटवलंय की गटात आधी रिकाम्या हाताने जाणार आणि पेचाकुचा नंतर, सगळ्यांच्या सोयीने. वह्या जमिनीवर मांडल्या. परत परत काय काढलंय म्हणाल तर पायऱ्या. का कोण जाणे. आमच्या जिन्यात आज पेन घेऊन उभी होते, तर तळमजल्यावरच्या काकू वर येता येता थांबल्या, काय काढतेस बघू म्हणाल्या, आणि मग त्यांच्या गुडघ्याविषयी बराच वेळ बोललो.

आता एक तांत्रिक प्रश्न. कपाटातल्या तैलरंगाच्या ट्यूबांची झाकणं घट्ट बसलीत, ॲक्रिलिकच्याही काही आहेत आणि जलरंगाच्या वड्यांना तडे गेलेत. यातलं काय वाचेल?

कोरा_कागद

पायऱ्या! जिना सोडू नका आता.

तैलरंगाच्या ट्यूबचं झाकण मिनिट-दोन मिनिटं गरम पाण्यात धरा आणि जाड फडक्याने फिरवा, पकडीने पिळलंत तर ट्यूबचं मानगूट तुटतं. तरी नाही निघालं तर बूड कापून रंग छोट्या डबीत काढा. तोंडाशी साय धरली असेल तर ती काढून टाका, आतला मऊ रंग चांगला असतो, कारण तैलरंग हवेच्या संपर्काने घट्ट होतो, नुसत्या काळाने नाही. ॲक्रिलिक ट्यूबमध्ये कडक झालं असेल तर गेलं, ते पाण्याने परत येत नाही, उगाच भिजवत बसू नका. जलरंगाच्या वड्या तडे गेल्या तरी उत्तम, दोन थेंब पाणी टाकून थोडा वेळ थांबा, बुरशी दिसली तर तेवढी पुसून घ्या. ब्रशचे केस वाकडे झाले असतील तरी फेकू नका, खरबरीत भिंती आणि झिजलेल्या पायऱ्या काढायला तेच बरे पडतात.